मुक्त व्यापार आणि न्यायमूर्ती रानडे

नगरहून पाथर्डीकडे निघालेला रस्ता करंजीचा घाट ओलांडून तिसगावात येतो. तेथून एक फाटा शेवगावमार्गे पैठणकडे वळतो, तर मुख्य रस्ता पाथर्डीवरून बीड जिल्ह्यात शिरतो. एकोणिसाव्या शतकात या दोन्ही वाटा थोड्याच अंतरावर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असत. अलीकडे मुंबई इलाख्यातील नगर जिल्हा आणि पलीकडे निजामाची मोगलाई. ईस्ट इंडिया कंपनी आणि निजाम यांच्यात १८०२ मध्ये व्यापारविषयक तह झाला होता आणि त्यानुसार एकमेकांच्या मुलखातून येणाऱ्या मालावर पाच टक्के जकात ठरली होती. पेशवाईच्या अस्तानंतर नगर इंग्रजांकडे आले आणि या भागातील देवघेवही त्याच चौकटीत आली. निजामाच्या जकातीला मोगलाईत करोडगिरी म्हणत. धान्य, कापड, मीठ घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याला सरहद्द ओलांडताना नाक्यावर थांबावे लागे. दोन शेजारी राज्यांमधील व्यापारी करार म्हणजे काय, हे या टापूला पुस्तके वाचून शिकावे लागले नाही.

याच नगर जिल्ह्यात १८८७ नंतर एक न्यायाधीश फिरतीवर येत असत. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या कर्जाच्या दाव्यांवर देखरेख ठेवणे हे त्यांचे काम होते. दृष्टी अधू, प्रकृती तोळामासा, पण वाचनाची भूक अफाट. कज्जेदलालीच्या कागदांतून त्यांना एक मोठा प्रश्न दिसू लागला. बलाढ्य आणि दुबळा यांच्यात व्यापाराची दारे सताड उघडली तर दोघांचाही लाभ होतो का? महादेव गोविंद रानडे यांनी या प्रश्नाची केलेली उकल आज, शेजारी देशांतील मुक्त व्यापार करारांचे भवितव्य अधांतरी असताना, पुन्हा पाहण्याजोगी आहे.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील सरकारी नोकरीत होते. पुढे ते कोल्हापूर दरबारच्या सेवेत गेल्याने महादेवचे बालपण आणि आरंभीचे शिक्षण कोल्हापुरात झाले. उच्च शिक्षणासाठी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. नव्याने स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत, १८५९ मध्ये, उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत ते होते. १८६२ मध्ये बी. ए., १८६४ मध्ये एम. ए. आणि १८६६ मध्ये एलएल. बी. अशा पायऱ्या त्यांनी झपाट्याने ओलांडल्या. अतिवाचनाने डोळे बिघडले ते याच काळात. अ‍ॅडम स्मिथ, रिकार्डो आणि मिल यांचे अर्थशास्त्र त्या वेळी वेदवाक्यासारखे शिकवले जाई. रानडे यांनीही ते मन लावून आत्मसात केले. पुढे त्याची चिकित्सा करण्याचा अधिकार त्यांना या अभ्यासातूनच मिळाला.

अक्कलकोट आणि कोल्हापूर येथे काही काळ काम केल्यावर १८७१ मध्ये ते पुण्यास न्यायाधीश म्हणून आले. सार्वजनिक सभा वर्षभरापूर्वीच स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, हे तिचे हातपाय होते, तर रानडे लवकरच तिचे डोके बनले. १८७२-७३ च्या सुमारास त्यांनी पुण्यात देशी व्यापारावर मराठीतून व्याख्याने दिली. परदेशी कापडाने देशी माग कसे बसवले, कच्चा माल बाहेर पाठवून पक्का माल विकत घेणारा देश कसा निर्धन होत जातो, याची मांडणी त्यांनी सामान्य श्रोत्यांपुढे केली. स्वदेशी हा शब्द चळवळीच्या घोषणेत येण्यास अद्याप तीन दशकांचा अवधी होता. सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारास हाताने विणलेल्या जाड्याभरड्या कापडाच्या वेषात गेले, त्यामागे याच विचारांचे वातावरण होते.

दूरच्या बाजारपेठेतील उलथापालथ खेड्यातील झोपडीपर्यंत कशी पोहोचते, याचा धडा दख्खनने त्याच दशकात गिरवला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथून लँकेशायरला जाणारा कापूस थांबला आणि भारतीय कापसाचे भाव आकाशाला भिडले. पैसा खेळू लागला, सावकारांनी हात सैल सोडले, शेतकऱ्यांनी कर्जे काढली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मात्र कर्ज आणि व्याज जागच्या जागी राहिले. त्यातच जमीन महसुलाच्या फेरआकारणीने सारा वाढला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. हे लोण लगोलग नगर जिल्ह्यात पसरले. दंग्यांच्या चौकशीतून १८७९ चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा जन्मास आला.

नेमक्या याच काळात सरकारने मुक्त व्यापाराच्या तत्त्वाचा पुरस्कार अधिक कठोरपणे सुरू केला. १८६० च्या आरंभी आयात मालावर दहा टक्के जकात होती. ती हळूहळू पाच टक्क्यांवर आली होती. भारतात नव्याने उभ्या राहणाऱ्या कापडगिरण्यांना एवढाही आडोसा मिळू नये, असा मँचेस्टरच्या गिरणीमालकांचा आग्रह होता. १८७७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कापडावरील जकात रद्द करण्याच्या बाजूने ठराव केला. १८७९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी स्वतःच्या कौन्सिलातील बहुमत डावलून जाड्या कापडावरील जकात उठवली. दुष्काळ आणि अफगाण युद्ध यांनी तिजोरी रिती होत असतानाचा हा निर्णय होता. पुढे १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दीत मीठ, मद्य अशा मोजक्या वस्तू वगळता जवळजवळ सर्व आयात जकाती नाहीशा झाल्या. करार नव्हता, वाटाघाटी नव्हत्या आणि ज्यांच्या बाजारपेठेची दारे उघडली जात होती त्यांना विचारण्याची गरजही कोणाला वाटली नाही.

रानडे यांनी या धोरणाची चिकित्सा सार्वजनिक सभेच्या इंग्रजी त्रैमासिकातून चालवली. १८७८ मध्ये सुरू झालेल्या या त्रैमासिकातील बहुतांश लेखन, नाव न देता, त्यांच्याच हातचे असे. सरकारी नोकराने सरकारी अर्थनीतीची अशी उलटतपासणी घेणे निर्धोक नव्हते. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या वेळी पुण्याच्या सुशिक्षितांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. मे १८७९ मध्ये बुधवार वाड्यास आग लागली आणि त्याच महिन्यात रानडे यांची धुळ्यास तातडीने बदली झाली. तेथे त्यांची पत्रे फोडून पाहिली जात. संशय फिटल्यावर त्यांना पुन्हा वरच्या जागा मिळाल्या. या सर्व काळात त्यांनी ना नोकरी सोडली ना लेखणी. त्यांच्या स्वभावातील ही सबुरी अनेकांना भित्रेपणाची वाटली. समाजसुधारणेच्या क्षेत्रातही, पहिल्या पत्नीच्या निधनानंतर वडिलांच्या आग्रहापुढे नमून १८७३ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला, तेव्हा त्यांच्यावर कठोर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. त्याच रमाबाईंना त्यांनी शिकवले, आणि फिरतीच्या दिवसांचे जिवंत चित्रण आज वाचावयास मिळते ते रमाबाईंच्या आठवणींमुळेच.

१८८७ मध्ये डॉ. पोलन यांच्या जागी रानडे शेतकरी कायद्याखालील खास न्यायाधीश झाले. वर्षातील कित्येक महिने मुक्काम हलता असे. दिवसा कनिष्ठ न्यायालयांची दप्तरे तपासायची आणि रात्री कोणाकडून तरी इतिहास, अर्थशास्त्र वाचून घ्यायचे, असा क्रम. कागदोपत्री रयत आणि सावकार हे करार करणारे दोन स्वतंत्र पक्ष होते. प्रत्यक्षात एकाला लिहिता-वाचता येत नव्हते, त्याच्या घरात पुढच्या पेरणीचे बी नव्हते आणि सही न केल्यास उपासमार अटळ होती. कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या पाठीमागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला होता. कराराचा कागद पवित्र मानण्याआधी तो करणाऱ्यांची स्थिती पाहावी, हे त्या कायद्याचे सार होते. रानडे यांच्या अर्थचिंतनात हेच सूत्र व्यक्तीकडून राष्ट्राकडे गेलेले दिसते.

राष्ट्राराष्ट्रांतील अशा कराराचा एक नमुना तेव्हा कोकणच्या दक्षिण टोकाला घडत होता. डिसेंबर १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात लिस्बन येथे झालेल्या तहाने ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यातील जकातीच्या भिंती पाडल्या. १८८० पासून बारा वर्षांसाठी दोन्ही मुलूख व्यापाराच्या दृष्टीने एक झाले. मुरगाव बंदर आणि तेथून घाटावर जाणारी रेल्वे ही या तहाची दृश्य फळे. परंतु गोव्यातील मिठागरे ब्रिटिशांच्या नियंत्रणाखाली गेली. मीठ पिकवणाऱ्यांच्या पोटावर पाय आला, मीठ महागले आणि अबकारी करही ब्रिटिश पद्धतीने वाढले. मोबदला म्हणून वर्षाकाठी चार लाख रुपये मिळाले ते पोर्तुगीज सरकारला, मिठागरांतील कामगारांना नव्हे. गोव्यात असंतोष धुमसत राहिला आणि १८९२ च्या जानेवारीत तहाची मुदत संपली तेव्हा तो पुढे चालू राहिला नाही. शेजाऱ्यांमधील मुक्त व्यापाराचा हा प्रयोग बारा वर्षांत आटोपला.

दरम्यान पुण्यात रानडे यांनी अर्थविचाराला संस्थेचे रूप दिले. १८९० मध्ये पश्चिम हिंदुस्थानची औद्योगिक संघटना स्थापन झाली आणि तिच्या विद्यमाने औद्योगिक परिषद भरली. केवळ इंग्लंडला जाणाऱ्या संपत्तीच्या ओघाबद्दल हळहळत बसू नये, हाताशी असलेले भांडवल, पतपुरवठा आणि कारागिरी यांची जुळणी करावी, असा त्यांचा आग्रह होता. याच परिषदेत त्यांनी डच अमलाखालील जावा बेटातील शेती-उद्योग पद्धतीवर निबंध वाचला. तेथील सरकार कारखानदारांना आगाऊ रकमा देऊन साखरेसारखे उद्योग उभे करते, मग हिंदुस्थान सरकारने हात बांधून का बसावे, असा त्यांचा रोख होता. त्या पद्धतीतील सक्तीचे त्यांनी समर्थन केले नाही, तरी जावातील रयतेने भोगलेल्या हालांना त्यांच्या विवेचनात पुरेसे स्थान मिळाले नाही, हेही नमूद करावयास हवे.

त्यांच्या अर्थविचाराची परिणत मांडणी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात आली. इंग्लंडमध्ये रुजलेले अर्थशास्त्राचे नियम हे सूर्यचंद्राच्या गतीसारखे सर्वत्र लागू नसून विशिष्ट समाजाच्या विशिष्ट अवस्थेतून निघालेली अनुमाने आहेत, हा त्यांचा मुख्य सिद्धांत होता. ज्या देशात भांडवल आणि श्रम सहजासहजी हलत नाहीत आणि कराराहून रूढी बलवान आहे, तेथे खुल्या स्पर्धेचे फळ वेगळेच येते. हिंदुस्थानने केवळ कच्चा माल पिकवावा आणि तो विलायती जहाजांतून, विलायती यंत्रांवरून पुन्हा कापड होऊन यावा, ही श्रमविभागणी निसर्गदत्त नाही, ती सत्तेने लादलेली आहे, असे ते दाखवून देत.

या मांडणीत त्यांनी अलेक्झांडर हॅमिल्टन आणि हेन्री कॅरे या अमेरिकनांबरोबर जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख लिस्ट यांचा आधार घेतला. लिस्ट यांचे नाव संरक्षक जकातीशी जोडले जाते, परंतु त्यांच्या कार्याचा आरंभ नेमका उलट दिशेने झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन प्रदेश डझनावारी राज्यांत विभागलेला होता आणि प्रत्येक वेशीवर जकात नाका होता. हे आपापसांतील नाके उठवावेत म्हणून लिस्ट १८१९ पासून झटले. १ जानेवारी १८३४ रोजी जर्मन जकात संघ अमलात आला. त्यात जकातीचे उत्पन्न लोकसंख्येच्या प्रमाणात वाटले जाई आणि महत्त्वाच्या निर्णयांना सर्व सदस्यांची संमती लागे. प्रशिया बलाढ्य खरा, पण लहान राज्यांनाही शब्द होता. संघाच्या आत मोकळीक आणि बाहेरच्या प्रगत उद्योगांपासून काही काळ संरक्षण, असे हे दुहेरी सूत्र होते.

रानडे यांच्या विचाराचे मर्म येथे सापडते. ते जकातीच्या भिंतींचे भोक्ते नव्हते. इंग्रजी राज्याने देशांतर्गत नाके उठवले, रस्ते आणि रेल्वे आणली, याचे मोल ते जाणत होते. त्यांचा आक्षेप विषमतेच्या पायावर उभ्या राहिलेल्या मुक्ततेला होता. नवा उद्योग रांगत असताना त्याला आधार द्यावा, तो पायावर उभा राहिला की आधार काढून घ्यावा, हे त्यांचे म्हणणे. सरकार जकात वाढवणार नाही, हे ओळखून त्यांनी पर्यायही सुचवले. सरकारी खरेदी देशी मालाची व्हावी, रेल्वेला जशी व्याजाची हमी दिली तशी नव्या कारखान्यांना द्यावी, पतपेढ्या उभाराव्यात, तांत्रिक शिक्षण द्यावे. नगर, भिंगार, संगमनेरच्या विणकरांना आयात कापडाशी झुंजावयाचे असेल, तर केवळ आवाहनांनी भागणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

नोव्हेंबर १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १८९४ मध्ये सरकारने तूट भरून काढण्यासाठी पुन्हा पाच टक्के आयात जकात बसवली, पण वर्षअखेर कापडावर ती लागू करताना देशी गिरण्यांच्या बारीक सुतावर तेवढाच अबकारी कर लादला. १८९६ मध्ये दोन्ही दर साडेतीन टक्के झाले. मँचेस्टरला त्रास होऊ नये म्हणून मुंबईच्या गिरण्यांवर कर, हा न्याय तीन दशके टिकला. रानडे यांचे अर्थविषयक निबंध १८९८ मध्ये ग्रंथरूपाने आले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी, वयाला एकोणसाठ वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस उरले असताना, त्यांचे मुंबईत निधन झाले. शिष्योत्तम गोपाळ कृष्ण गोखले यांनी तोच वारसा मध्यवर्ती कायदेमंडळात नेला. १९२१ मध्ये इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली जकातविषयक आयोग नेमला गेला, १९२३ मध्ये टॅरिफ बोर्ड आले आणि १९२६ मध्ये तो कुप्रसिद्ध अबकारी कर रद्द झाला. रानडे यांनी पेरलेले उगवण्यास पाव शतक लागले.

त्यांच्या मृत्यूला सुमारे सव्वाशे वर्षे लोटली. ज्या भूभागाची एकसंध बाजारपेठ त्यांनी पाहिली, तिचे आता अनेक देश झाले आहेत. १९४९ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही आणि दोघांमधील व्यापार ठप्प झाला. पुढे जोडण्याचे प्रयत्न झाले. जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादेत सही झालेला दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार, म्हणजे साफ्टा, १ जानेवारी २००६ पासून अमलात आला. तरीही दक्षिण आशियातील देशांचा आपापसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास राहिला. संवेदनशील वस्तूंच्या लांबलचक याद्या, सीमेवरील दिरंगाई आणि राजकारण ही त्याची कारणे. २०१९ मध्ये भारताने पाकिस्तानी मालावर दोनशे टक्के जकात बसवली आणि त्याच वर्षी पाकिस्तानने व्यापार थांबवला.

द्विपक्षीय करारांचा अनुभव मात्र अधिक बोलका आहे. मार्च २००० मध्ये अमलात आलेल्या भारत-श्रीलंका करारात भारताने आपल्या जकाती तीन वर्षांत, तर श्रीलंकेने आठ वर्षांत उतरवायच्या होत्या. दुबळ्याला अधिक अवधी, हे रानडे यांना मान्य होणारे तत्त्व. १९९६ च्या नेपाळ कराराने नेपाळी मालाला भारतात जवळजवळ मुक्तद्वार दिले, परंतु वनस्पती तुपासारख्या वस्तूंचा लोंढा वाढताच २००२ मध्ये मर्यादा आल्या. २०११ मध्ये भारताने बांगलादेशासह अल्पविकसित शेजाऱ्यांना मद्य आणि तंबाखूसारख्या थोड्या वस्तू सोडून सर्व मालावर जकातमाफी दिली, तर मे २०२५ मध्ये बांगलादेशी तयार कपड्यांना खुष्कीच्या नाक्यांतून प्रवेश बंद केला. सवलत देणारा हात एकतर्फी ती मागेही घेऊ शकतो.

नगर जिल्ह्यातील शेतकऱ्याला याची झळ वेगळ्या बाजूने बसते. त्याच्या कांद्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश, श्रीलंका असे शेजारीच. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ पर्यंत टिकली, त्यानंतरही निर्यातशुल्क राहिले आणि ते पूर्णपणे उठले १ एप्रिल २०२५ रोजी. दुसरीकडे, नोव्हेंबर २०१९ मध्ये पूर्व आशियाई देशांच्या व्यापक करारातून भारत बाहेर राहिला, तेव्हा परदेशी दूध भुकटीच्या धास्तीने अस्वस्थ झालेल्या येथील दूध उत्पादकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एकाच गावात कांदेवाल्याला सीमा उघडी हवी आणि दूधवाल्याला बंद. दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. अशा दाव्यात कोणत्याही एका तत्त्वाच्या नावाने डोळे झाकून निकाल देता येत नाही. व्यवहार कोणात आहे, कोणाची ऐपत किती आणि अटी ठरवताना कोण हजर होते, हे तपासावे लागते. शेतकरी कायद्याखाली रानडे यांच्या न्यायालयात हेच तपासले जाई.

तिसगावच्या पुढची ती सरहद्द आज उरलेली नाही. निजामाचे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले आणि काही वर्षांत करोडगिरीचे नाकेही इतिहासजमा झाले. १८०२ च्या तहाने जे नाके कायम ठेवले होते, ते उठले तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक एकाच कायदेमंडळाला प्रतिनिधी पाठवू लागले होते. शेजारी देशांत असे एकच कायदेमंडळ असू शकत नाही. मात्र जर्मन जकात संघाप्रमाणे लहानाला शब्द, दुबळ्याला अवधी आणि उत्पन्नात वाटा देणारे करार होऊ शकतात. गोव्याच्या मिठागरांना यांपैकी काहीच मिळाले नव्हते आणि म्हणूनच तो तह बारा वर्षांपलीकडे जगला नाही. उद्याच्या करारांचे आयुष्यही याच कसोटीवर ठरेल.